मोडीच्या भावात गेलेली घडण

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका नव्या उपाहारगृहाच्या सजावटीवरून सध्या जो वाद रंगला आहे, त्यात दोन्हीकडची माणसे हिरिरीने बोलत आहेत आणि दोन्हीकडचे बोलणे मुद्दा सोडून चालले आहे. पाडलेल्या एका वाड्याचा दरवाजा तिथे आडवा टाकून त्याचे टेबल केले आहे, शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर काच बसवली आहे, दाराशी ठेवलेल्या जात्यातून कारंजे उडते आणि छताला टांगलेल्या कंदिलांत विजेचे दिवे आहेत. एक पक्ष म्हणतो, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आजीने हौसेने घराबाहेर काढलेले भंगार नातवंडे दामदुपटीने परत विकत घेत आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, हा आपला वारसा आहे आणि तो कुणीतरी जपतो आहे यात आनंद मानावा. त्या दरवाजापाशी वाकून त्याच्या फळ्या एकमेकींत कशा बसवल्या आहेत, हे पाहून आलेला माणूस मात्र मला दोन्ही पक्षांत अजून भेटलेला नाही.

माझे म्हणणे असे की, जुन्या वस्तूंच्या दुकानात शैली शोधणे आणि आपल्या कलेला तिथून खाद्य मिळवणे हा सर्वस्वी रास्त उद्योग आहे. इतकेच नव्हे, तर सांगली-साताऱ्यासारख्या गावांत घडणीचे शिक्षण देणारी, प्रवेशपरीक्षा न घेणारी आणि वस्तू हातात घेऊ देणारी एवढी एकच शाळा शिल्लक आहे. परंतु तिथून काही मिळायचे असेल तर वस्तू किती वर्षांची आहे हा प्रश्न बाजूला ठेवून ती कोणी, कशी आणि कशासाठी घडवली हे विचारावे लागते. उपाहारगृहाचे टीकाकार आणि त्याचे चाहते दोघेही वस्तूचे वयच मोजत बसले आहेत. एकाला त्या वयात बुरसटलेपणा दिसतो, दुसऱ्याला पावित्र्य.

घडण म्हणजे काय, हे एका साध्या घंगाळावरून पाहता येते. तांब्याचा पत्रा मुळात मऊ असतो. मोठ्या भांड्यात पाणी भरले की तो दबेल, वाकेल, आकार सोडेल. तांबट त्यावर हातोडीने ओळीने ठोके देत जातो, ज्याला मठारकाम म्हणतात, आणि त्या प्रत्येक ठोक्यासरशी धातू दाबला जाऊन कणखर होत जातो. उन्हात चमचम करणारी ती टिकल्यांची नक्षी नुसती नक्षी नसते. भांड्याचे बळ आणि भांड्याचे रूप एकाच क्रियेतून आलेले असते. आता बाजारात साच्यात दाबून काढलेली भांडी मिळतात. त्यांच्यावरही तशाच टिकल्या असतात, परंतु त्या सगळ्या एकसारख्या, एकाच खोलीच्या आणि एकाच अंतरावर. जुन्या घंगाळावर बोटे फिरवली तर काठाकडे ठोके दाट होत गेलेले आणि पोटाच्या फुगवट्यावर जरा विरळ झालेले कळतात, कुठे हात दमला होता तेही कळते. आज ज्याला दागिने घडवायचे आहेत, मातीची भांडी करायची आहेत, किंवा एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठच रेखाटायचे आहे, त्याला या एका भांड्यातून जे शिकता येईल ते शंभर तयार नमुन्यांच्या चित्रांतून येणार नाही. अलंकार हा वरून चिकटवायचा नसतो, तो कामातून उगवायचा असतो, हे घंगाळ न बोलता दाखवते.

तीच गोष्ट भांड्यांवर घातलेल्या नावांची. लग्नात, बारशाला किंवा डोहाळजेवणाला दिलेल्या पितळी डब्यावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, कधी गाव आणि तारीखही, टिंबाटिंबांनी कोरून घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. नाव घालणाऱ्या कारागिरापुढे अडचण मोठी असे. गोल पृष्ठभाग, हातात बारीक छिन्नी, आणि देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्या वळवायच्या त्या सरळ टिंबांच्या ओळींनी. त्याने शोधलेली वळणे पाहावीत. ‘श’ची गाठ तो किती कमी टिंबांत उरकतो, ‘सौ.’मधला मात्रांचा पसारा डब्याच्या काठाला न लागता कसा बसवतो, शिरोरेघ मोडून पुन्हा कुठे जोडतो! आज देवनागरीत नवे टंक घडवणारी तरुण मंडळी आहेत, फलक रंगवणारे आहेत, निमंत्रणपत्रिका करणारे आहेत. त्यांच्यासाठी हे अक्षरवळणांचे भांडार थोडक्या पैशांत हाताशी पडलेले आहे. कुणी उचलून पाहतो का?

कारण आपल्या भागाला जुन्या वस्तूचे एकच मोल लहानपणापासून शिकवलेले आहे, ते म्हणजे तिचे वजन. खानापूर, विटा, आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दुष्काळी माळावरून उठून त्यांनी दूरदूरच्या सराफ बाजारांत सोन्याचांदीतले हीण वेगळे करण्याची भट्टी मांडली आणि त्या कौशल्यावर घरे उभी केली. याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा. परंतु भट्टीची नजर ही फक्त धातूची नजर असते, आणि तीच नजर हळूहळू साऱ्या समाजाची झाली. पितळी डबे, समया, हंडे मोडीच्या भावाने गेले आणि त्या जागी स्टेनलेसची भांडी आली. बोहारणीच्या पाटीत जरीची लुगडी गेली, आणि त्यांतली जर जाळून चांदी काढली गेली. गावोगावचे छापखाने बंद पडले तेव्हा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या शिशाच्या भावाने विकल्या गेल्या. ज्या मराठी मुद्रणात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने 1869 पासून सुबक अक्षरांचा मापदंड घालून दिला होता, त्या मुद्रणाच्या अक्षरांचे आपण शेवटी शिसे केले. कृष्णेच्या 2005 आणि 2019च्या पुरांनंतर घराघरांतून जे भिजके सामान बाहेर आले, त्याचीही गत फार वेगळी झाली नाही. लाकूड रस्त्यावर आणि धातू काट्यावर. जुन्या वस्तूंचा दुकानदार हा या वाटेवरचा एकमेव माणूस आहे, जो वजनापेक्षा रुपया अधिक मोजून वस्तू भट्टीत जाण्यापासून थांबवतो. तो स्वार्थापोटीच थांबवतो हे खरे आहे. त्याने मात्र परिणामात फरक पडत नाही.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप घेऊ, कारण हलके आक्षेप खोडून पाठ थोपटून घेण्यात काही अर्थ नाही. तो आक्षेप असा की, ज्या काळातल्या या वस्तू आहेत तो काळ बहुसंख्यांसाठी सुखाचा नव्हता. वाड्याच्या त्या देखण्या दरवाजातून कोणाला आत येऊ देत आणि कोणाला बाहेरच्या पायरीशीच थांबावे लागे? घंगाळे घासून कोण चकचकीत ठेवी? पाण्याचे हंडे कोणासाठी भरलेले असत, आणि कोणाला वरून ओंजळीत पाणी वाढले जाई? जात्याचे कारंजे पाहून टाळ्या पिटणाऱ्यांपैकी कोणी पहाटे तीनला उठून पाच माणसांचे दळण दळले आहे काय? माझ्या ओळखीच्या तासगावकडच्या एक आजी त्या जात्याचे छायाचित्र पाहून हसल्या नाहीत की हळहळल्याही नाहीत; पिठाची गिरणी गावात आली तो दिवस त्यांना सणासारखा आठवतो, एवढेच त्या म्हणाल्या. गतकाळाची हळहळ ही बहुधा त्या काळात ज्यांचे हात राबले नाहीत त्यांनाच परवडते. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तोही निम्मा-अर्धा नव्हे. जुन्या वस्तूंच्या आडून जुनी उतरंड गोंजारणारे लोक आहेत, आणि ‘वाडा संस्कृती’ म्हणून जे काही विकले जाते त्यातले बरेचसे याच जातीचे आहे.

परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे या वस्तू आपल्या नजरेआड गेलेल्याच बऱ्या, तो मात्र उलटा आहे. वाड्याच्या मालकाचे नाव कागदपत्रांत आहे, सनदांत आहे, कधी रस्त्याच्या नावातही आहे. वाड्याचा दरवाजा ज्याने घडवला त्या सुताराचे नाव कोणत्या दफ्तरात आहे? घंगाळ ठोकणारा तांबट, अडकित्ता घडवणारा लोहार, पाट्या-वरवंट्याला टाकी लावीत दारोदार फिरणाऱ्या बाया, लुगडे विणणारा कोष्टी, यांनी मागे ठेवलेला दस्तऐवज एकच, तो म्हणजे त्यांनी घडवलेली वस्तू. ती वितळवली की मालकाचे काहीच जात नाही. कारागिराचे मात्र सर्वस्व जाते. ज्यांना खालच्या थरांचा इतिहास हवा आहे, त्यांनी तर जुन्या बाजारात सर्वांआधी पोचायला हवे. जात्याच्या दगडावरचे खुंट्याभोवतीचे गुळगुळीत झालेले वर्तुळ हे ते जाते ओढणाऱ्या बाईच्या हाताने लिहिलेले आहे, आणि ते वाचायचे सोडून त्याच्यातून पाणी उडवणे हा खरा उर्मटपणा आहे. म्हणजे चूक जाते ठेवण्यात नाही, ते कशासाठी होते याचा विसर पाडण्यात आहे.

दुसरा आक्षेप कलावंतांकडून येतो. जुन्यावर डोळा ठेवून नवे कसे घडेल, असे ते विचारतात. प्रतिभावंताने आपले स्वतःचे काढावे. ऐकायला हे बाणेदार वाटते. परंतु हे म्हणणारा माणूस सांगलीत उभा राहून हे म्हणत असेल, तर तो गावाचा इतिहास विसरला आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ इथल्या दरबारात झाले, ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना आवडले, आणि तसे काही मराठीत करावे म्हणून त्यांनी विष्णुदास भावे यांना सांगितले. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झाले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून आपण आजही तेच साल सांगतो. भाव्यांनी जुन्या, परक्या मुलखातल्या खेळाची घडण पाहिली, तीतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे ते ठरवले, आणि नवे उभे केले. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरची मिरज पाहा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांकडे तंबोरे दुरुस्तीला आले. जुने वाद्य उघडून, त्याचा भोपळा, दांडी, घोडी तपासून त्यांनी ते दुरुस्त केले, मग तसे स्वतः करायला घेतले, आणि पुढे हिंदुस्थानी संगीतातल्या थोर गायकांच्या मागे मिरजेचे तंबोरे वाजू लागले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सत्कार केले. या सगळ्याच्या मुळाशी एक बिघडलेली जुनी वस्तू होती हे कितीजणांनी आठवले? शिकलगारांनी तो पहिला तंबोरा भिंतीला टांगून शोभेचा केला असता तर मिरजेत सतारमेकर गल्ली झाली नसती.

परदेशातलाच दाखला हवा असेल तर तोही आहे. जपानमध्ये सामान्य माणसांसाठी छापलेली स्वस्त ठोकळाचित्रे पॅरिसच्या दुकानांत येऊन पडली, आणि डच चित्रकार व्हॅन गॉगने ती शेकड्यांनी गोळा केली. 1887 मध्ये त्याने जपानी चित्रकार हिरोशिगेची चित्रे समोर ठेवून तैलरंगात उतरवून काढली, कडेला न समजणारी जपानी अक्षरेसुद्धा काढली. तो टप्पा नकलेचा होता आणि तो त्याने लपवला नाही. परंतु पुढे दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेल्यावर त्याच्या चित्रांत सपाट रंगांचे पट्टे, ठळक कडा, चौकटीने मध्येच कापलेली झाडे राहिली आणि जपानी वेशातली माणसे गळून गेली. वरची सजावट गेली आणि रचनेचे तत्त्व उरले. आपल्या उपाहारगृहाने नेमके याच्या उलट केले आहे. तत्त्व बाहेर ठेवले आणि सजावट आत घेतली.

कंदिलाचेच पाहू. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत 1916 मध्ये ओगले बंधूंनी काचकारखाना सुरू केला आणि तिथले ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेले. सातारा-सांगलीच्या जुन्या बाजारात कंदील अजूनही मिळतात. कंदिलाच्या दोन्ही बाजूंना ज्या वाकवलेल्या नळ्या असतात त्या नुसत्या धरायला नसतात. त्यांतून ज्योतीला हवा पोचते, म्हणून वाऱ्यात, पावसात, शेताच्या बांधावरून चालतानाही कंदील विझत नाही. त्या नळ्यांमुळेच कंदिलाला ते रुंद खांदे येतात. त्यात विजेचा दिवा बसवला की नळ्या निरर्थक होतात, खांदे निरर्थक होतात, आणि उरतो तो कंदिलाचा मुखवटा. याउलट एखाद्याने त्या नळ्यांकडे पाहून हवा खेळवणारा, हात न भाजणारा, वाऱ्यात टिकणारा नवा दिवा किंवा नवी शेगडी आखली, आणि ती कंदिलासारखी मुळीच दिसली नाही, तरी तो कंदिलाचा खरा वारस ठरेल. पोशाखाचेही असेच आहे. आमच्याकडच्या खेड्यांत इरकल लुगडे घरोघर नेसत. त्याचे अंग सुती आणि पदर रेशमी, आणि दोन्हींचे ताणे फासाफासांत गुंतवून असे जोडलेले की विणतानाच लाल टोपपदर वस्त्रातून उगवल्यासारखा निघतो. अशा जुन्या इरकलीची कात्रीने चिरफाड करून जाकिटे शिवण्याची सध्या टूम आहे. मला त्याचा राग येत नाही, कारण लुगडे फाटलेच होते. परंतु शिवणाऱ्याने तो सांधाच कापून फेकून दिला आणि काठ तेवढे ठेवले, तर त्याने त्या वस्त्रातली सर्वांत हुशारीची जागा टाकून दिली असे मी म्हणेन.

कोणी म्हणेल की ही सगळी जबाबदारी संग्रहालयांची आहे, दुकानांची नव्हे. संग्रहालयांविषयी मला नितांत आदर आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर हे सगळे असावे यातच एका चित्रकार राजाची दृष्टी दिसते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू एकेक करून जमवल्या आणि 1962 मध्ये तो संग्रह शासनाला दिला. पण केळकरांनी त्या जमवल्या कुठून? घरांतून, खेड्यांतून, जुन्या बाजारांतूनच ना? संग्रहालय ही या वाटेची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. शिवाय तिथे वस्तू काचेआड असते आणि तसेच असले पाहिजे. फिरकीच्या तांब्याचे झाकण दोन वेढ्यांत कसे घट्ट बसते हे हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि हात लावू देणारी जागा दुकान हीच आहे. प्रत्येक घरातला प्रत्येक डबा संग्रहालयात जाणार नाही, जाऊही नये.

चोरीचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरच्या देवळात टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली ती, असे आपण कौतुकाने सांगतो. चर्चची घंटा देवळात वाजते यात एक विलक्षण गोष्ट आहे खरी, पण लूट ती लूट, आणि आज कोणी आपल्या गावच्या देवळातली समई नेऊन परदेशी दिवाणखान्यात ठेवली तर आपण कौतुक करणार नाही. 1972च्या पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंच्याहत्तर वर्षांहून जुनी, यांच्या व्यापारावर व निर्यातीवर निर्बंध घातले आहेत, आणि ते योग्यच आहेत. देवाच्या मूर्ती, वीरगळ, सतीशिळा, पोथ्या हे कोणी विकायला काढले तर घेणाऱ्याने हात मागे घ्यावा. तिथे ‘मला प्रेरणा मिळते’ ही सबब चालणार नाही. माझी सारी वकिली डबे, तांबे, कंदील, खुर्च्या, लुगडी, खिळे, पाट्या यांच्यासाठी आहे. नकली जुन्याचा प्रश्न उरतो, आम्ल लावून हिरवा केलेला पितळी दिवा वगैरे. तो प्रश्न फक्त वयाचे पैसे मोजणाऱ्यांना सतावतो. घडण पाहणाऱ्याला ओतीव आणि ठोकीव यांतला फरक बोटांना कळतो.

तेव्हा भांडायचेच असेल तर ते उपाहारगृहाच्या मालकाशी न भांडता वजनाच्या पावतीवरून भांडावे. जुन्या वस्तूंचे दुकानदार आज पावती दिलीच तर ‘पितळ, अमुक किलो’ एवढीच देतात. त्यावर वस्तू कोणत्या गावातून आली, कोणत्या कामाची होती आणि तिच्यावर नाव कोरलेले असेल तर ते कोणते, एवढ्या दोन ओळी लिहिल्या जाव्यात. माल कुठून आणला हे सांगितले तर धंद्यातला दुसरा तिथे आधी पोचेल, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही; म्हणून घराचे नाव न लिहिता नुसते गाव लिहावे. चित्रकला शिकवणाऱ्या इथल्या संस्थांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्लास्टरची फळे काढायला बसवण्याऐवजी एक सत्र या दुकानांत पाठवावे, आणि मोडीला निघालेल्या प्रत्येक नव्या प्रकारच्या वस्तूचे मापासह रेखाचित्र करून घ्यावे. मग ती वस्तू भट्टीत गेली तरी चालेल. दुकानदारांना मुलांची गर्दी नको असते हे मला माहीत आहे, पण दुपारी दोन ते चार या वेळात त्यांच्याकडे तसेही फारसे गिऱ्हाईक नसते.